रोहिणखेडचा चौदा वर्षांचा सुलतान

बुलढाणा जिल्ह्यात माणसे गावाचा पत्ता सांगताना आजही ते घाटावरचे की घाटाखालचे हे आधी सांगतात. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड घाटाखालचे. बऱ्हाणपूरकडून, खानदेशातून येणाऱ्या फौजेला बालाघाटावर चढायचे असेल तर डोंगरातल्या ज्या मोजक्या वाटा सोयीच्या होत्या, त्यांतल्या एका वाटेच्या पायथ्याशी हे गाव आहे. त्यामुळे त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा इतिहास त्याच्या वाट्याला आला. १४३७ मध्ये बहमनी सेनापती मलिक-उत-तुज्जार खलफ हसन याने खानदेशच्या नसीर खान फारुकीचा इथे पराभव केला. पुढे १५८२ मध्ये महदवी पंथाच्या खुदावंद खानाने गावात मशीद बांधली. त्याच खुदावंद खानाच्या पंथाचा पुढारी जमाल खान ही मशीद उभी राहिल्यावर नऊ वर्षांनी, १५९१ च्या मे महिन्यात, याच गावाजवळ मारला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीची गादी बदलली. लढाईच्या वर्णनात जमाल खानाचे नाव ठळक येते, जिंकणाऱ्या बुरहान निजामशहाचेही येते. पण फौज ज्याच्या नावाने लढत होती तो सुलतान इस्माईल निजामशहा त्या दिवशी तिथेच होता. तो साधारण चौदा वर्षांचा होता. त्याने काय केले, याबद्दल सांगण्यासारखे काही नाही, कारण त्याला काही करण्यासाठी तिथे नेलेलेच नव्हते.

कोवळ्या वयाच्या माणसाला मुख्य जागेवर कधी बसवावे आणि तो तिथे टिकावा म्हणून काय करावे, हा प्रश्न आज सर्वांत चिकाटीने कोण चघळत असेल तर अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे लोक. त्यांच्या फुटबॉलमध्ये अकरा जणांच्या संघात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू हातात आल्यावर समोरचे धिप्पाड गडी अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचे असते की चेंडू कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा की स्वतःच पळायचे. सगळा डाव त्याच्या निर्णयावर चालतो. महाविद्यालयातून निवडून आणलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पहिल्याच वर्षी या जागी उभा करावा, की दोन-तीन वर्षे एखाद्या मुरलेल्या खेळाडूमागे बाकावर बसवावा, यावर तिथे दोन तट आहेत. २००५ ची निवड हे दोन्ही तटांचे आवडते उदाहरण. त्या वर्षी ॲलेक्स स्मिथला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने सर्वांत आधी उचलले आणि पहिल्याच हंगामात मैदानात उतरवले. त्या हंगामात त्याच्या फेकीवर एक टचडाउन, म्हणजे मोठा गुण, झाला आणि अकरा फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या. त्याच निवडीत चोविसावा आलेला आरॉन रॉजर्स ग्रीन बे संघात ब्रेट फार्वमागे तीन वर्षे बसून राहिला, २००८ मध्ये मुख्य खेळाडू झाला आणि २०१० च्या हंगामाचे अजिंक्यपद त्याने जिंकून दिले. एवढ्यावरून 'थांबवा, मग उतरवा' असा नियम काढणे सोपे आहे. मला तो नियम अपुरा वाटतो, आणि तो का अपुरा आहे हे दाखवायला अमेरिकेपेक्षा बुलढाणा जिल्हा जास्त उपयोगी पडतो. या एका जिल्ह्याच्या हद्दीत तीन अशा लढाया झाल्या की ज्यांत कोवळ्या वयाचा धनी किंवा सेनापती रणात होता. तिन्हींचे पुढचे परिणाम निराळे झाले. वय आणि थांबण्याचा काळ यांनी तो निराळेपणा उलगडत नाही. निर्णय कुणाचे होते आणि चूक झाली तर ती कोण अंगावर घेत होते, हे पाहिले की तो उलगडतो.

इस्माईलचे प्रकरण सर्वांत स्वच्छ आहे. १५८८ मध्ये मुर्तजा निजामशहाला त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने, मारले. वर्षभराच्या आतच मीरान हुसेनलाही सरदार मिर्झा खानाने संपवले. मुर्तजाचा भाऊ बुरहान तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता आणि त्याची मुले दख्खनमध्ये कैदेत होती. त्यांतला धाकटा, बारा वर्षांचा इस्माईल, मिर्झा खानाने आणून गादीवर बसवला. काही दिवसांतच दख्खनी आणि हबशी सरदारांचा पुढारी जमाल खान याने किल्ल्यावर चाल करून मिर्झा खानाला उखडले, परदेशी मुसलमानांची शहरात कत्तल झाली, पण गादीवरचा मुलगा तोच राहिला. ज्याने बसवला तो मेला, ज्याने त्याला मारले त्यानेही याच मुलाला ठेवले. दोघांनाही शिक्का मारायला एक हात हवा होता. पुढची दोन वर्षे राज्याचा धर्मही जमाल खानाच्या मताप्रमाणे महदवी राहिला. या दोन वर्षांत इस्माईलने स्वतः घेतलेला एकही निर्णय नोंदीत सापडत नाही.

बुरहानने गादीवर हक्क सांगितला तेव्हा अकबराची फौज न घेता तो खानदेशचा राजा अली खान आणि विजापूरकर यांच्या मदतीवर आला. जमाल खान आधी दक्षिणेला वळला, त्याने विजापूरच्या फौजेला हरवले आणि तो तसाच उत्तरेकडे घाईने निघाला. वऱ्हाडातले सरदार एव्हाना बुरहानला मिळू लागले होते. मे महिन्याचे ऊन, लांबच्या मजला मारून थकलेले सैन्य आणि समोर ताज्या दमाची खानदेशी फौज, अशी रोहिणखेडची लढाई सुरू झाली. जमाल खान शूर होता, त्याचे महदवी अनुयायी त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होते, आणि काही काळ पारडे कुणाकडे झुकेल हे सांगता येत नव्हते. मग बंदुकीची एक गोळी जमाल खानाच्या कपाळात बसली. त्या क्षणी रणात निजामशाहीचा सुलतान जिवंत होता, त्याच्याभोवती फौज होती, आणि तरी लढाई संपली. सैन्याने मुलाला घेऊन पळ काढला, तो वाटेत पकडला गेला आणि त्याच्या बापानेच त्याला कैदेत टाकले. 'सुलतान हयात आहे, फिरा' असे म्हणायला कुणी पुढे आले नाही, कारण दोन वर्षांत सुलतानाच्या शब्दाला वजन आहे असे कुणाला दिसलेच नव्हते. वजन असे गोळी लागल्यावर तयार होत नाही.

यावर कुणी म्हणेल, चौदा वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा करायची? म्हणून त्याच काळातला, त्याच लढाईच्या दुसऱ्या टोकाचा मुलगा पाहिला पाहिजे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० मध्ये गादीवर आला तेव्हा नऊ वर्षांचा होता, म्हणजे इस्माईलपेक्षाही लहान. त्याच्याही डोक्यावर एकामागून एक कारभारी बसले: कामिल खान, किश्वर खान, इखलास खान आणि शेवटी आठेक वर्षे दिलावर खान. पण सुरुवातीच्या वर्षांत चुलती चांदबीबी त्याच्याजवळ होती आणि मुलगा जगावा, वाढावा, राज्य त्याचे राहावे यातच तिचे हित होते. जमाल खानाने विजापूरच्या ज्या फौजेला हरवले, ती दिलावर खानाची होती. त्या पराभवाने दिलावर खानाचा धाक ओसरला, इब्राहिमने संधी साधून त्याला झुगारले आणि विशीच्या आतच कारभार हाती घेतला. पुढे तो १६२७ पर्यंत राज्य करत राहिला. दोन शेजारची राज्ये, दोन पोरवयाचे सुलतान, दोघांवर जबरदस्त कारभारी. कारभाऱ्याच्या पराभवाने एकाचे राज्य मोकळे झाले आणि दुसऱ्याचे संपले.

इथे पुराव्याबद्दल एक शंका रास्त आहे. या घटनांची आपली बरीचशी माहिती फिरिश्ताच्या इतिहासातून येते. फिरिश्ता आधी अहमदनगरच्या चाकरीत होता, परदेशी मुसलमानांवर संकट आले त्या १५८९ मध्ये तो विजापूरला गेला आणि त्याने आपला ग्रंथ याच इब्राहिमच्या पदरी राहून लिहिला. जमाल खानाबद्दल तो प्रेमाने लिहील अशी आशा करू नये, आणि इब्राहिमचे गुण त्याने वाढवून सांगितले असतील तर नवल नाही. पण मी इथे त्याची विशेषणे घेतलेली नाहीत. कोण कुठे पडला, कोण गादीवर आला आणि कोण किती वर्षे टिकला, एवढेच घेतले आहे. सत्तेचाळीस वर्षे राज्य करणे ही काही भाटाच्या लेखणीची करामत नसते.

दुसरी लढाई रोहिणखेडपासून दूर, घाटावर, आजच्या सिंदखेड राजा तालुक्यात झाली. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मुघल सुभेदार मुबारीझ खानाला मारून दख्खनवर आपली सत्ता पक्की केली. विजयानंतर गावाचे नाव फत्तेखेर्डा झाले. निजामाच्या मदतीला त्या वेळी चोवीस वर्षांचा बाजीराव पेशवा होता. १७२० मध्ये शाहू महाराजांनी त्याला पेशवेपद दिले तेव्हा तो विशीतही नव्हता, आणि दरबारातल्या जाणत्यांना, विशेषतः श्रीपतराव प्रतिनिधींना, त्याचे धोरण उतावळे वाटे. पण हा मुलगा कोरा नव्हता. १७१८-१९ मध्ये वडील बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर तो दिल्लीपर्यंत जाऊन आला होता, बादशाही आतून किती पोखरली आहे ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पद मिळाल्यावर शाहू महाराजांनी त्याच्या जागी दुसऱ्याचे डोके बसवले नाही. मोहिमा त्याने ठरवायच्या आणि दरबारातला विरोध महाराजांनी सोसायचा, अशी ती वाटणी होती. साखरखेर्ड्याला बाजीरावाने निजामाची फौज मित्र म्हणून जवळून पाहिली. साडेतीन वर्षांनी, १७२८ च्या फेब्रुवारीत, पालखेडला त्याने याच निजामाला जड तोफखान्यापासून तोडून पाण्यावाचून कोंडले आणि तह करायला लावला. साखरखेर्ड्याचा अनुभव पालखेडला कामी आला असे म्हणणारे पत्र मी दाखवू शकत नाही, हा माझा तर्क आहे. पण ज्या माणसाने एखादी फौज तिच्या शेजारी राहून लढताना पाहिली आहे, त्याला तिचे जडपण कुठे आहे हे कळले नसेल असे मानणे अधिक कठीण आहे.

तिसरी लढाई खुद्द सिंदखेडची, १७५७ च्या डिसेंबरातली. जाधवांच्या या गावी निजामाच्या फौजेशी झुंज झाली, मराठ्यांनी ती जिंकली, आणि मोहिमेच्या शिरोभागी नाव होते नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव याचे. त्याचे वय पंधरा. खरी तलवार दत्ताजी शिंद्यांची. मुलाला पहिली मोहीम दाखवावी, विजयाची चव द्यावी आणि जोखीम जाणत्याने उचलावी, यात गैर काही नव्हते. पहिले पाऊल असेच असावे. प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलाचा आहे. तीन वर्षांनी पानिपतच्या मोहिमेवरही तीच मांडणी राहिली: नाव विश्वासरावांचे, निर्णय सदाशिवरावभाऊंचे. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गोळी लागून पडले आणि फौजेचे अवसान गळाले. भाऊ रणात शिरले ते परतले नाहीत. रोहिणखेडला खरा सेनापती पडला आणि नावाचा धनी फौज धरू शकला नाही, पानिपतावर नावाचा धनी पडला आणि खरा सेनापती फौज धरू शकला नाही. नाव एकाचे आणि डोके दुसऱ्याचे, ही घडी दोन्हीकडून मोडते. पानिपतच्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत, उपासमारीपासून एकाकीपणापर्यंत, आणि हे एक कारण त्या सर्वांवर चढवण्याचा माझा हेतू नाही. पण शेवटच्या प्रहरी फौज का विस्कटली, याच्या उत्तरात ते येतेच.

आता सर्वांत मोठा आक्षेप. पानिपतानंतर पाचच महिन्यांत नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. त्यांची कुणी पायरीपायरीने तयारी करून घेतली नव्हती. राज्य कर्जात आणि दुःखात, आणि कारभारी म्हणून डोक्यावर चुलते रघुनाथराव. तरीही मराठेशाहीला पुन्हा उभे करणारे तेच ठरले. मग शिकवणीला काय अर्थ? अमेरिकेतही हाच आक्षेप पेटन मॅनिंगच्या नावाने येतो. १९९८ मध्ये त्याला पहिल्याच सामन्यापासून उतरवले, त्या हंगामात त्याच्या २८ फेकी शत्रूच्या हाती गेल्या, संघ सोळापैकी तेरा सामने हरला. दुसऱ्याच वर्षी त्याच संघाने सोळापैकी तेरा जिंकले. मला वाटते, ही दोन्ही उदाहरणे माझ्या म्हणण्याला बळच देतात. मॅनिंगला पहिल्या वर्षी चुकल्याबद्दल बाकावर बसवले नाही. चुका त्याच्या होत्या, त्या त्यानेच मैदानावर निस्तरल्या आणि प्रशिक्षक त्याच्यामागे उभे राहिले. माधवरावांचेही तसेच झाले. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावला चुलत्याशी झालेल्या झुंजीत ते हरले. फूट वाढून राज्य बुडेल हे ओळखून त्यांनी स्वतः रघुनाथरावांच्या छावणीत जाऊन माघार घेतली. सतराव्या वर्षी घेतलेला तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि कडू होता. नऊ महिन्यांनी, १० ऑगस्ट १७६३ ला, राक्षसभुवनावर रघुनाथराव निजामाच्या फौजेत सापडले तेव्हा त्यांना सोडवायला माधवराव धावले आणि लढाई फिरवली. त्यानंतर कारभार हळूहळू कुणाच्या हाती गेला, ते सांगायला नको. रघुनाथराव चांगले गुरू होते म्हणून हे झाले नाही. हरायला आणि हरल्यावर पुन्हा उभे राहायला माधवरावांना जागा मिळाली म्हणून झाले.

उलट बाजूचे उदाहरणही त्याच घराण्यात आहे आणि ते अधिक चटका लावणारे आहे. सवाई माधवरावांना १७७४ मध्ये चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली. नाना फडणवीसांनी राज्य सांभाळले, उत्तम सांभाळले, मुलाला जीवापाड जपले. थांबवण्यातच शहाणपण असते तर एकवीस वर्षे थांबवलेला हा पेशवा सर्वांत तयार निघायला हवा होता. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या विजयाला ते हजर होते, पण आखणी नानांची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून ते गेले. त्यांचे मन कसे होते यावर ज्याला जे वाटते ते तो लिहितो, मी त्यात शिरत नाही. एवढे मात्र उघड आहे की एकवीस वर्षांत पेशव्याने पेशवा म्हणून ठरवले असे फारसे काही दाखवता येत नाही. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला भोपळा बांधतात. भोपळ्याशिवाय ढकलणे हा एक गुन्हा, आणि भोपळा बांधून मुलाला आयुष्यभर काठावर उभे ठेवणे हा दुसरा.

राजे आणि खेळाडू यांची तुलनाच चूक, असेही कुणी म्हणेल. जमाल खानाला इस्माईल दुबळा राहण्यातच फायदा होता, संघाच्या प्रशिक्षकाला मात्र आपला खेळाडू मोठा व्हायला हवा असतो. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो अर्धा मान्य केला पाहिजे. इब्राहिमजवळ चांदबीबी होती आणि इस्माईलजवळ कुणी नव्हते, हा फरक मी आधीच मोजला आहे. पण प्रशिक्षकाचे हितही खेळाडूच्या हिताशी नेहमी जुळते असे नाही. दोन हंगाम हरला की त्याची नोकरी जाते, आणि त्याच्या जागी आलेला नवा माणूस डाव नव्याने शिकवतो. ॲलेक्स स्मिथचे नेमके हेच झाले. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या काही वर्षांत त्याच्या आक्रमणाचा प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलत होता. इस्माईलवरचा कारभारी बदलला तसाच. स्मिथला लवकर उतरवले एवढ्यानेच तो मागे पडला असे म्हणता येत नाही. पुढे स्थिर प्रशिक्षण मिळाल्यावर तोच खेळाडू चांगला खेळला, आणि २०१७ मध्ये कॅन्सस सिटीत पॅट्रिक महोम्स नावाच्या नव्या मुलाला ज्याच्यामागे वर्षभर बसवले तो स्मिथच होता. महोम्सने त्या वर्षी एकच सामना खेळला आणि पुढच्या हंगामात पन्नास टचडाउन फेकले. त्याचे एक वर्ष आणि रॉजर्सची तीन वर्षे सारखीच फळाला आली, तेव्हा थांबण्याची लांबी मोजण्यात फार अर्थ नाही. मैदानात उतरल्यावर संघ आणि मुख्य प्रशिक्षक जागचे न हलणे आणि वेळ आल्यावर डाव खरोखर हाती देणे, या दोन्ही गोष्टी दोघांनाही मिळाल्या.

निजामशाहीने मात्र रोहिणखेडनंतरही तीच चाल सोडली नाही. बुरहान १५९५ मध्ये मेला, त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांत लढाईत पडला, मग तान्हा बहादूर गादीवर आला, आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडल्यावर मुघलांनी त्याला ग्वाल्हेरच्या तुरुंगात पाठवले. मलिक अंबर स्वतः मोठी उमेदवारी करून, पन्नाशीला आल्यावर सत्तेत आला, पण त्यानेही नावाचेच सुलतान बसवले. त्याच्या मागे त्याचा मुलगा फत्तेखान याने दहाएक वर्षांच्या हुसेनला बसवले आणि १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर तोही ग्वाल्हेरला गेला. शेवटचा मुलगा, मुर्तजा, पेमगिरीवर गादीवर बसवला तो शहाजीराजांनी. त्याच्या नावाने त्यांनी मुघलांशी झुंज दिली आणि १६३६ मध्ये माहुलीला ते सारे संपले.

त्या वेळी शहाजीराजांचा स्वतःचा मुलगा शिवाजी सहा वर्षांचा होता. नावाचा धनी कसा असतो आणि त्याचे काय होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला माणूस तेव्हा महाराष्ट्रात क्वचितच असेल. पुढे त्यांनी पुणे परगण्याची जहागीर शिवाजीराजांकडे दिली, सोबत कारभारी दिले, आणि सिंदखेडच्या जाधवांची लेक, जिजाऊ, मुलाबरोबर राहिली. रांझ्याच्या पाटलाने एका स्त्रीवर अत्याचार केल्याची तक्रार आली तेव्हा त्याचा निवाडा शिवाजीराजांच्या शिक्क्याने झाला. पाटलाचे हातपाय तोडले, पाटीलकी काढली आणि ती त्याच्या आप्ताला दिली. ते पत्र १६४६ च्या जानेवारीतले आहे. ज्याने तो निवाडा केला, त्याला सोळावे वर्ष पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे होते.